सोन्याच्या कणाने विषाणूचा माग

विषाणूंवरचा विषय कामगार संघटनेतल्या माणसाने घ्यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु या विषयाची झळ आमच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांना फार जवळून बसली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा आपल्याकडचे हजारो कोयते दूरच्या साखर कारखान्यांवर अडकले. एप्रिलमध्ये सरकारने परतीची परवानगी दिली. पण गावी आलेल्या कित्येकांना रानातच दिवस काढावे लागले. काही काळ अलग राहणे ही खबरदारी योग्यच होती. तिरस्कार मात्र योग्य नव्हता. रोग डोळ्यांना दिसत नव्हता, माणूस दिसत होता. म्हणून सारा संशय माणसावर गेला. तेव्हा न दिसणारे पाहावे कसे, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही, तुमचा आमचाही आहे.

मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो विषाणू ओळीने बसतील. प्रकाशाची लाटच ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीची, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचा आकार स्पष्ट दाखविता येत नाही.

यावर एक उपाय म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये भारतातील पहिल्या करोना रुग्णाच्या घशातील नमुन्यातून विषाणूचे चित्र टिपले. तेथेही धातूच कामी आला. टंगस्टनच्या क्षाराने भोवताल गडद केला, तेव्हा त्यात ७५ नॅनोमीटरचा विषाणू त्याच्या टोकदार कंगोऱ्यांसह उजळ उठून दिसला. पण या यंत्रात निर्वात पोकळी लागते. तिच्यात जिवंत पेशी तग धरत नाही. चोर कसा दिसतो ते कळले; तो घरात शिरतो कसा, हे त्या स्थिर चित्रावरून कळेना.

येथे सोने उपयोगी पडते. सोन्याचा रंग पिवळा, हे आपण सराफाच्या दुकानात पाहतो. पण त्याचे काही नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असले, तर ते पाणी माणकासारखे तांबडे दिसते. मायकेल फॅरेडे याने १८५७ साली याचा अभ्यास केला. अशा कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकजुटीने हेलकावतात, आणि तो चिमुकला कण आपल्या मानाने पुष्कळ प्रकाश चहूकडे फेकतो. माळवदाच्या झरोक्यातून कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ चमकते ना? तसेच पेशीवर तिरका प्रकाश टाकून काळ्या पार्श्वभूमीवर हे कण पाहतात. चमकणारी रंगद्रव्ये प्रकाशात लवकर विटतात. सोने विटत नाही.

असा कण विषाणूच्या कवचाला जोडला की विषाणू जणू कंदील घेऊन चालतो. कंदिलामागचा चेहरा दिसत नाही, वाट मात्र दिसते. प्रथम तो पेशीच्या पृष्ठभागावर भटकतो. मग पेशीवरील ठराविक प्रथिनाला अडकतो. करोनाच्या बाबतीत त्या प्रथिनाला एसीई-२ म्हणतात. पुढे पेशीचे आवरण आत वळून त्याची पिशवी होते, आणि सूक्ष्म तंतूंवरून चालणारी प्रथिने हमालासारखी ती पिशवी वाहून नेतात. कण एकमेकांजवळ आले तर त्यांचा रंग पालटतो, त्यावरूनही त्यांच्या गर्दीचा अंदाज येतो. करोना कधी पिशवीवाटे शिरतो, तर कधी पृष्ठभागावरच आवरणाशी एकजीव होऊन.

एक सावधगिरी मात्र हवी. कण मोठा असेल, किंवा विषाणूचा कंगोराच झाकीत असेल, तर विषाणूची चाल बदलेल आणि आपण ओझ्याचीच चाल मोजीत बसू. म्हणून सोने जोडलेला विषाणू पूर्वीइतकाच संसर्ग करतो की नाही, हे आधी पडताळावे लागते.

याचा लाभ काय? शिरण्याची पायरी कळली की ती अडविता येते. प्रतिपिंडे कंगोऱ्यावर बसली तर विषाणूला दाराची कडी सापडत नाही. करोनाच्या लशींचा एक मोठा आधार हाच. झटपट तपासणीच्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी तांबडी रेघसुद्धा सोन्याच्या कणांचीच असते. त्या रेघेने कित्येकांचा संशय खरा ठरविला, तर कित्येकांचा फिटविला.

एसीई-२ चे दार बागायतदाराच्या पेशीवर आहे, मुकादमाच्या आहे आणि कोयत्यावरच्या बाईच्याही आहे. विषाणू दार ओळखतो, माणसाची पायरी ओळखत नाही. फड सोडून आलेल्या माणसाला पुन्हा कधी वेशीवर थांबविण्याची वेळ आली, तर त्याला तपासावे, अन्नपाणी द्यावे, औषध द्यावे. पण त्यालाच रोग समजू नये.