यंत्राची गाडी आणि हाताचे वळण

दुरून चालविण्याची लहान मोटार, जिला मुले नुसते 'रिमोटची गाडी' म्हणतात, ती आता आमच्या जुन्नर-आंबेगावकडील जत्रेच्या दुकानांतही मिळते. ती चार दिवस पळते आणि चाक निखळले की माळ्यावर जाते. तिच्याविषयी लिहावे असे फारसे काही नाही. परंतु त्याच कुळातील दुसरी एक जात आहे. ती सुट्या भागांच्या पेटीत येते व घरी बसून जोडावी लागते. आणि जोडून झाली म्हणजे काम संपले असेही नाही. तिच्या स्प्रिंगा, चाकांचा कल, वजनाचा तोल ही सर्व चालविणाऱ्याच्या हाताप्रमाणे पुन्हा पुन्हा बसवावी लागतात. ज्या घरात मुले पाच आणि गाडी एक, तेथे ह्या बसविण्यावरून तंटे होतात. आणि तंट्याहून वाईट असा एक अन्यायही नकळत घडतो. त्याकरिता हा लेखनप्रपंच.

बिनतारी लहरींनी दूरची वस्तू चालविण्याची कल्पना नवी नव्हे. निकोला टेस्ला ह्याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहानशी नौका अशा रीतीने फिरवून दाखविली होती. हौशी शर्यतीच्या मोटारी घरोघर पोहोचविण्यात जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीचा वाटा मोठा. तिची १:१२ प्रमाणाची, विजेवर चालणारी पोर्शे ९३४ ही गाडी १९७६ साली निघाली. आज १:१० हे प्रमाण पुष्कळ रूढ आहे, म्हणजे गाडी सुमारे दोन विती लांब. आणि घराच्या फरशीवर खेळावयास १:२८ प्रमाणाचीही मिळते, ती जेमतेम तळहाताएवढी. पूर्वी २७ मेगाहर्ट्झचे संच असत. दोघांच्या संचांत एकाच लहरीचे स्फटिक असले की एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी भिंतीवर आपटे. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत प्रत्येक गाडी आपल्या धन्यास ओळखते, त्यामुळे ती अडचण उरली नाही. आमच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिची जागा निवडताना मनुष्यनिर्मित लहरींचा कोलाहल तेथे कमी असावा हाही विचार झाला होता. तेव्हा लहरींत लहरी मिसळल्याने काय होते, हे येथील मुलांस वेगळे शिकवावयास नको.

आता मुख्य विषयाकडे वळू. शर्यतीची गाडी जुळवावी लागते, हे आमच्याकडील माणसास पटवून द्यावे लागत नाही. जत्रेत घाटावर बैलगाडा पळतो, त्याचा हिशेब सेकंदांत होतो. आणि कोणताही जातिवंत गाडामालक हाताला लागतील ते बैल एकत्र जुंपीत नाही. (ही शर्यत ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाली, १६ डिसेंबर २०२१ रोजी तिला सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.) फरक इतकाच की गाड्यात बैलास बैल जुळवितात, येथे यंत्रास माणूस जुळवावयाचा आहे.

माणसाचे हात मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात. एक हात वळणापर्यंत भरधाव जातो, अखेरच्या क्षणी वेग तोडतो आणि चाक एकदम फिरवितो. दुसरा हात दुरूनच वेग उतरवितो, चाक हळूहळू वळवितो व वळणभर मोटर थोडी थोडी चालू ठेवतो. दोहोंत उत्तम कोणता, हा प्रश्न निरर्थक आहे. शाळेत बोरू तासून देताना आम्ही मुलाचा हात पाहूनच कत देत असू. दाबून लिहिणाऱ्यास एक, हलक्या हाताच्यास दुसरा. कत चुकला तर सुरेख अक्षराचे मूलही शाईचे डाग पाडी आणि बोलणी खाई.

आमच्या घरी नेमके हेच घडले. १:१० ची गाडी थोरल्या नातवाने जोडली, त्यामुळे साहजिकच ती त्याच्या हाताप्रमाणे बसली. त्याचा हात पहिल्या प्रकारचा. त्याने पुढील स्प्रिंगा मऊ व मागील ताठ घातल्या. म्हणजे पुढील चाके जमीन घट्ट धरतात, मागील चाके चटकन सुटतात आणि गाडी वळणावर झटक्यासरशी तोंड फिरविते. त्याला ती लाभली. त्याच्या चुलत बहिणीची पाळी आली की तीच गाडी प्रत्येक वळणावर शेपटी फेकून गर्रकन उलटी फिरे. "आजोबा, तिला जमत नाही," असा निर्णय त्याने दिला, धाकट्यांनी त्याची री ओढली, आणि सूनबाईही एकदा सहज बोलून गेल्या की मुलींना ह्यात गोडी नसतेच. नात काही बोलली नाही. पुढच्या रविवारपासून ती घड्याळ घेऊन मुलांच्या फेऱ्या मोजावयास बसू लागली.

गोडी नसलेले मूल उन्हात बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजीत नाही. आम्ही थोरल्यास सांगितले की एक दुपार गाडी तिच्या हाताप्रमाणे बसवावी व मग बोलावे. मागील स्प्रिंगा मऊ केल्या. मागील चाकांची पुढची टोके किंचित आत वळविली. दोन-तीन अंशांचा हा फरक गाडीची शेपटी जागेवर ठेवतो, सरळ रस्त्यावर मात्र थोडा वेग खातो. ह्यापलीकडे काही केले नाही. त्या दुपारी नातीने सलग दहा फेऱ्या मारल्या आणि गाडी एकदाही उलटी फिरली नाही. थोरल्याने तीच गाडी हाती घेतली तेव्हा तो कुरकुरला की ही वळतच नाही, नाक बाहेरच्या बाजूस ओढते. त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, आणि दोन्ही वेळा गाडी निर्दोष होती.

एक मात्र सांगितले पाहिजे. एकाच उत्तम फेरीवरून जुळणीची परीक्षा करू नये. मुलांस तीच सवय असते. एक फेरी साधली की आरोळी ठोकतात आणि पुढच्या तीन फेऱ्या भिंतीत घालवितात. दहा फेऱ्यांस मिळून लागलेला वेळ मोजावा.

जुळणीपूर्वी गाडी मुळात सरळ धावते की नाही, हे पाहावे. पुढील चाकांस वळविणारे दोन दांडे कमी-अधिक लांबीचे असले, किंवा डावी बाजू उजवीहून खाली बसली, तर पुढचा सारा खटाटोप व्यर्थ. मग एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले की गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे ब्रह्मदेवासही कळणार नाही. धक्के झेलणाऱ्या नळ्यांत तेल असते. ते दाट घातले तर गाडीचे डोलणे मंदावते, अधीर हातास ते रुचत नाही. स्वस्त पेटीत ह्या नळ्या बिनतेलाच्या येतात, त्या पहिल्या वर्षी बदलण्याची घाई नको. चाके वरच्या अंगास एक-दोन अंश आत झुकविली म्हणजे वळणावर रबराचा पूर्ण पृष्ठभाग जमिनीस लागतो. बॅटरी पुढे सरकविता आली तर पुढील चाकांस पकड अधिक मिळते, आणि ह्या बदलास पैसा पडत नाही.

भूमीचाही विचार हवा. दशांश गाडीपुढे दोन सेंटिमीटरचा खडा म्हणजे खऱ्या मोटारीपुढे वीस सेंटिमीटरचा धोंडा. वाड्याच्या चौकातील शहाबादी फरशीवर गाडीचे पोट जमिनीपासून पाच-सहा मिलिमीटरवर असले तरी चालते. खळ्यावर ते बरेच उचलावे लागते, आणि धूळ माखलेले टायर दर खेपेस ओल्या फडक्याने पुसावे लागतात. फरशीवरची जुळणी खळ्यावर तशीच नेऊन हिरमुसलेली मुले आम्ही पुष्कळ पाहिली.

धाकटे चिरंजीव म्हणतात की हाताने गाडीस सोसावयास शिकावे, दर वेळी गाडीनेच का नमते घ्यावे? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तो सहा महिन्यांनंतरचा आहे. दूर उभा असलेला चालक गाडीत बसलेला नसतो. त्यास घसरण अंगास जाणवत नाही, केवळ डोळ्यांस दिसते, तीही उशिरा. शिवाय गाडी समोरून आपल्याकडे येऊ लागली की डावे-उजवे उलटे होते. एवढे अवघड असता नवशिक्यास परक्या हाताची गाडी देणे ही शिकवणी नव्हे. त्यातून हल्लीच्या पुष्कळ संचांत प्रत्येक चालकाचे माप वेगवेगळे साठवून ठेवता येते: चाक किती वळावे, मध्याजवळ किती हळुवार वळावे, इत्यादी. पाच मुलांची पाच मापे ठेवावयास खर्च येत नाही. स्प्रिंगांची दुसरी जोडी तेवढी आणावी.

घरातील वडील मंडळींनी बॅटरीकडे स्वतः लक्ष द्यावे. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टपेक्षा अधिक भरू नये व ३ व्होल्टखाली रिकामा करू नये. ती फरशीवर ठेवून, कोणीतरी समोर असताना भरावी. गादीवर किंवा रात्री निजतेवेळी कदापि नाही. फुगलेली दिसली तर वापर बंद. निकेलच्या सहा घटांची ७.२ व्होल्टची बॅटरी मुलांच्या हाती अधिक निर्धास्त.

आता वहीत नातीचे एक पान आहे, थोरल्याचे एक. सर्वांत धाकटा डावखुरा निघाला आहे. पिस्तुलाच्या आकाराच्या रिमोटला वळविण्याचे चाक उजव्या हातासाठी असते. काही संचांत ते दुसऱ्या बाजूस बसविता येते, आमच्या संचात तशी सोय नाही. दोन दांड्यांचा जुना संच मिळाल्यास पाहावे असा बेत आहे. तोवर तो रिमोट मांडीवर आडवा धरून चालवितो, आणि त्याचे पान अजून कोरे आहे.