बंद पडलेल्या बोटीचा धंदा : पैसे कुठून येतात, आणि जेट कुठे कामाला येतं



रस्त्यात गाडी बंद पडली तर आपण ती ढकलत बाजूला घेतो, बॉनेट उघडतो आणि ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावतो. पाण्यात हे 'बाजूला घेणं' नसतं. इंजिन बंद पडलं की वारा आणि प्रवाह नेतील तिकडे बोट जाते, आणि ते बहुतेक वेळा खडकाकडे किंवा वाळूच्या पट्ट्याकडेच नेतात. म्हणून या कस्टमरची घाई वेगळी असते. आणि जिथे कस्टमरला घाई असते तिथे धंदा असतो, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको.

आज अमेरिकेतला एक धंदा उघडून बघूया. हौसेच्या बोटी, म्हणजे रविवारी बायको-मुलांना घेऊन मासे पकडायला निघालेल्या माणसाच्या बोटी, बंद पडल्या की त्या ओढून धक्क्याला आणायच्या. एवढंच काम. पण यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, पैसे नेमके कशाचे घ्यायचे. दुसरी, मशीन कोणतं घ्यायचं. व्हिडिओत दुसरी गोष्ट घाईत सांगून झाली, म्हणून इथे तिच्यावर जरा जास्त बसतो.

सरकारने हात काढला आणि धंदा उभा राहिला

1980 च्या आधी अमेरिकेत बोट बंद पडली की लोक कोस्ट गार्डला बोलवायचे आणि कोस्ट गार्ड ती फुकटात ओढून आणायचं. पेट्रोल संपलं, बॅटरी उतरली, तरी तेच. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला धोरण बदललं. जिवाला धोका असेल तर कोस्ट गार्ड येणार. नुसती बोट बंद पडली असेल तर रेडिओवर तशी घोषणा करणार, आणि जवळचा खासगी टोइंगवाला ते काम घेणार.

1983 मध्ये न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरच्या साउथोल्ड गावात जो फ्रॉनहॉफर या माणसाने 'सी टो' सुरू केली. आज ती फ्रँचायझी कंपनी आहे, पिवळ्या बोटींची. तिच्यासमोर 'बोटयूएस' ही 1966 पासूनची बोटमालकांची संघटना, तिचं 'टोबोटयूएस' नावाचं जाळं, लाल बोटींचं. 300 च्या वर ठिकाणं, 600 च्या वर बोटी. हे लालवाले सगळे स्वतंत्र छोटे मालक आहेत. कुणाची एक बोट, कुणाच्या चार.

आता मुद्द्याचं. मेंबर नसलेल्या माणसाकडून हे लोक तासाच्या हिशोबाने पैसे घेतात, आणि तास सुरू होतो टोबोट आपल्या धक्क्यावरून निघाल्यापासून. बिल सहज काही शे डॉलरवर जातं. मेंबरला मात्र वर्षाला साधारण दोनशे डॉलरच्या आसपास भरले की त्याच्या प्लॅनमध्ये बसणारं टोइंग वेगळे पैसे न देता मिळतं.

म्हणजे बघा, विकलं काय जातंय? विकली जातेय ती निश्चिंती, बोट ओढणं हा त्यातला खर्च आहे. बहुतेक मेंबर वर्षभर फोनच करत नाहीत, आणि जे करतात त्यांच्यावर खर्च होतो. समजा (हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत) एका भागात 400 मेंबर आहेत, प्रत्येकी 200 डॉलर. झाले 80,000. हे पैसे सीझन सुरू व्हायच्या आधी हातात येतात, इंजिन सर्व्हिसिंग आणि इन्शुरन्सचा खर्च असतो नेमक्या त्याच वेळी. फोनवर येणाऱ्या कामाच्या भरवशावर बसलेल्या माणसाला मार्च महिन्यात हे सुख नाही.

पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. मेंबरशिप घेतलीत की प्रत्येक फोन हा तुमचा खर्च. मग एक टो किती तासांचा, किती डिझेलचा, यावर सगळं मार्जिन उभं राहतं. इथून आपण मशीनकडे येतो.

जायचं धावत, यायचं रांगत

टोइंगच्या कामाचे दोन भाग असतात. रिकामी बोट घेऊन जाताना 25 नॉटने जाता येतं, म्हणजे ताशी साधारण 46 किलोमीटर. येताना मागे कुणाची तरी पाच-सात टनांची बोट असते. तिला 6 नॉटच्या वर ओढायला गेलं तर बहुतेक वेळा ती बसते, डुलायला लागते, किंवा दोर बांधलेली खुंटी डेकमधून उपटून येते.

आता बोट 10 सागरी मैलांवर बंद पडलीय असं धरा. जायला 24 मिनिटं. यायला 100 मिनिटं. एकूण 124. आता तुम्ही जास्त पैसे घालून 30 नॉटची बोट घेतलीत. जायला 20 मिनिटं, यायला तेच 100. वाचली किती? चार मिनिटं! जाहिरातीत वेग दाखवतात तो या धंद्यात जवळजवळ बिनकामाचा आहे. तुमचं डिझेल आणि तुमचा माणूस खर्ची पडतो तो त्या 100 मिनिटांत.

म्हणून टोबोटीचा खरा प्रश्न असा, की हळू चालताना किती जोर लावता येतो?

आणि इथे जेट मागे पडतं.

जेट ड्राइव्ह म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. बोटीच्या तळाला एक तोंड असतं. आत इंजिनवर फिरणारा इम्पेलर पाणी ओढतो आणि मागच्या नळीतून जोरात बाहेर फेकतो. नळी वळवली की बोट वळते. उलटं जायचं तर नळीवर एक झडप उतरते आणि पाण्याची धार पुढच्या बाजूला फिरवते. बाहेर पंखा नाही, सुकाणू नाही. तारकर्लीला किंवा गोव्यात जेट स्कीवर बसला असाल तर हेच तुमच्या खाली होतं.

पंखा भरपूर पाणी हळू ढकलतो. जेट थोडं पाणी जोरात फेकतं. बोट पळत असताना दुसरा प्रकार छान चालतो. पण बोट जवळजवळ जागेवर असून फक्त ओढायचं असेल तर त्याच इंजिनाच्या ताकदीतून पंखा जास्त ओढ देतो. बैलाची ताकद आणि घोड्याची ताकद यात आपण जो फरक करतो तोच. मोठ्या टगबोटींना मोठा, सावकाश फिरणारा पंखा असतो तो उगाच नाही. आउटबोर्ड इंजिनला पंख्याऐवजी जेटचा भाग लावला तर साधारण तीस टक्के ताकद गेली असं धरून चालतात.

मग जेट घ्यायचं कुणी?

ज्याचे कस्टमर उथळ पाण्यात अडकतात त्याने.

जेट बोट मुळात जन्मलीच उथळ पाण्यासाठी. न्यूझीलंडचा बिल हॅमिल्टन हा मेंढपाळ-इंजिनिअर माणूस. त्याच्या भागातल्या नद्या म्हणजे गोट्यांवरून वाहणारे उथळ फाटे, पंखा लावून जायची सोयच नाही. 1950 च्या दशकात त्याने जेट घडवत नेलं. पाणी फेकणारी नळी पाण्याखालून काढून पाण्याच्या वर आणली आणि काम जमलं. 1960 मध्ये त्याच्या जेट बोटी अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट वर चढून गेल्या. आजही आयडाहो-ओरेगॉनकडच्या खडकाळ नद्यांवर जेटच चालतं. तिथे कुणी पंख्याची टोबोट घेऊन गेला तर थोड्या वेळात ओढायच्या बोटी दोन होतील.

समुद्राकाठी गणित भरती-ओहोटीचं. वाळूच्या पट्ट्यावर बोट बसली आणि ओहोटी लागलेली असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं सोन्याची. तेवढ्यात पोचून हलक्या हाताने ओढली तर निघते, आणि हे काम बहुतेक मेंबरशिपमध्ये बसतं. उशीर झाला तर पाणी जातं, बोट कुशीवर बसते, आणि पुढच्या भरतीची वाट बघत सहा तास थांबावं लागतं. पंख्याची टोबोट अशा वेळी लांब उभी राहते आणि दोर फेकायचा किंवा माणूस पाण्यात उतरवायचा प्रयत्न करते. जेटवाला काही इंच पाण्यातून अगदी बोटीजवळ जातो. पाण्यात माणसं उतरलेली असतील तर त्यांच्या पायाशी फिरणारं पातं नसतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

शिवाय एक कसब फार कमी लोकांना माहीत असतं. मोठ्या जेटमध्ये झडप अर्धी उतरवून ठेवली की बोट पुढे नाही, मागे नाही, जागेवर उभी राहते, आणि तशा अवस्थेतही तोंड फिरवता येतं. दोर देता-घेताना याचा फार उपयोग. ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेने 2014 पासून शॅनन प्रकारच्या लाइफबोटी सेवेत आणल्या, त्या जेटवर चालतात आणि थेट किनाऱ्याच्या वाळूवर चढवता येतात. तिथे किंमत जिवाची आहे, तासाची नाही. तुमच्या हिशोबात फरक पडतो तो इथे.

फ्लोरिडात अजून एक कारण. तिथल्या उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणं आहेत, आणि संरक्षित भागात पंख्याने गवत खरवडलं तर दंड होतो. टोबोटीला बाहेर पंखा नसणं म्हणजे तेवढी डोकेदुखी कमी.

पण जेटचा विक्रेता तुम्हाला हे सांगणार नाही : त्याला बाहेरून पंखा नाही, तरी तळाचं तोंड सगळं गिळतं. गवत, गोटे, प्लॅस्टिक, आणि आपल्याच टोचा ढिला पडलेला दोर. पंख्यात दोर अडकला तर निदान इंजिन वर उचलून कापता येतो. जेटच्या पोटात गेला तर झाकण उघडून, हात घालून काढत बसायचं, आणि तोवर दोन बोटी वाऱ्यावर. ज्या खाडीत प्लॅस्टिक तरंगतंय तिथे हा खर्च आधी धरा. आणि हेही विसरू नका, की उचलता येणारं आउटबोर्ड इंजिनसुद्धा बऱ्यापैकी उथळ पाण्यात जातं. म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच टोबोटींवर साधी आउटबोर्ड इंजिनंच दिसतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर दहापैकी सात फोन खोल पाण्यातले असतील तर पंखा, सात फोन वाळूवरचे असतील तर जेट. आणि माहीत नसेल तर एक सीझन भाड्याच्या बोटीवर काढून फोनची वही लिहा.

दोर, खुंटी आणि लायसन्स

मशीनपेक्षा स्वस्त पण जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे दोर. टोचा खांब बोटीच्या अगदी मागच्या काठावर लावला तर बोट वळतच नाही, ओझं तिचं शेपूट धरून ठेवतं. तो जरा पुढे, मधल्या भागाकडे हवा. पण मग ओझं आडवं खेचायला लागलं तर टोबोटच उलटू शकते, म्हणून दोर झटकन सोडता आला पाहिजे. हाताशी सुरी ठेवतात ती यासाठी. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा मागे येतो. त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, मग तो मालक असला तरी.

अमेरिकेत पैसे घेऊन टो करायला कोस्ट गार्डचं कॅप्टन लायसन्स लागतं आणि त्यावर टोइंगसाठी वेगळा शेरा लागतो. आणि टो वेगळा, साल्व्हेज वेगळं. बोट बुडत असेल, खडकावर आपटत असेल, आणि तुम्ही ती वाचवलीत, तर सागरी कायद्याप्रमाणे बोटीच्या किमतीच्या हिशोबात मोबदला मागता येतो. वाचवता आली नाही तर सहसा मोबदला नाही. या सीमेवरच सगळी भांडणं होतात. कस्टमरला वाटतं आपण मेंबर आहोत, फुकट आहे, आणि हातात येतं मोठं बिल. चांगले टोवाले दोर बांधायच्या आधी तोंडावर सांगतात की हे काम कशात मोडतं. या धंद्यातलं नाव त्या एका वाक्यावर टिकतं.

आपल्याकडे?

बरेच जण विचारतील, म्हणून. कोकणात मच्छीमाराची बोट बंद पडली तर दुसरा मच्छीमार ओढून आणतो. आज तुझी, उद्या माझी. तिथे टोइंग विकायला जाऊ नका, कुणी घेणार नाही, आणि घेऊही नये. पण वॉटर स्पोर्ट्सवाले, रिसॉर्टच्या बोटी, मांडवा-अलिबागकडच्या खासगी स्पीडबोटी, यांचा गिऱ्हाईक बोटीत बसलेला असतो आणि सीझन पावसाळ्याआधी संपतो. त्यांच्याकडे मेंबरशिपचं बोलणं होऊ शकतं, तेही टोइंगसोबत सर्व्हिसिंग जोडलंत तर. एकट्या टोवर पोट भरेल एवढ्या हौसेच्या बोटी आपल्या किनाऱ्यावर अजून नाहीत. परवान्यांसाठी आधी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचं ऑफिस गाठा, बोट नंतर घ्या.

व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न : 'सर, जुनी जेट स्की घेऊन त्यानेच टो केलं तर?' किनाऱ्याजवळ, हलकी बोट, शांत पाणी, थोडं अंतर, तर चालून जातं. त्याच्यापुढे जेट स्कीला ना तेवढी ओढ, ना दोर बांधायला नीट जागा. उलट, बंद पडलेल्या जेट स्कीलाच टो करायची वेळ जास्त येईल, आणि तेव्हा एक गोष्ट पाठ असू द्या. तिला वेगाने ओढलं तर पाणी पंपाच्या तोंडातून कूलिंगच्या नळीत घुसतं, एक्झॉस्ट भरतो आणि तिथून ते इंजिनात जातं. इंजिन बंद असल्यामुळे ते बाहेर फेकलं जात नाही. म्हणून आधी ती नळी चिमट्याने दाबून बंद करायची, किंवा माणूस चालतो त्या वेगाने ओढायचं. आणि धक्क्याला आल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी चिमटा आठवणीने काढायचा, नाहीतर थंड पाणी मिळत नाही आणि वाचवून आणलेलं इंजिन धक्क्यावरच जळतं.