पातळ तेच अवघड

मावशीला अर्धांगाचा झटका येऊन गेला, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. चहा बशीत ओतून, फुंकर घालून मी तिला चमच्याने पाजत होते. दोन चमचे नीट गेले. तिसऱ्यानंतर तिचा आवाज ओलसर, घरघरता झाला. ठसका मात्र लागला नाही. ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो. चार दिवसांनी ताप चढला आणि न्यूमोनियाचं निदान झालं.

आजाऱ्याला पातळ द्यावं, ही आपल्या घरोघरची समजूत. भाताची पेज, वरणाचं पाणी, शहाळं. पोटाच्या दुखण्यात ती बरोबरच आहे. घशाच्या दुखण्यात पुष्कळदा उलटी पडते. स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याचं दार मिटतं, श्वास थांबतो आणि घास अन्ननलिकेत उतरतो. घशातलं हे सगळं साधारण सेकंदभरात उरकतं. झटक्यानंतर हा मेळ बिघडतो. घट्ट घास थोडी सवड देतो, पाणी ती देत नाही. दार मिटायच्या आत ते श्वासनलिकेशी पोचलेलं असतं. घशाची संवेदनाही बोथट झाली असेल, तर खोकलासुद्धा येत नाही. डॉक्टर त्याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. माझ्या चमच्याने तेच घडवलं असावं, हे मला नंतर कळलं.

बाहेरून न दिसणारं हे संकट पाहण्याचे दोन मार्ग आता रुळले आहेत. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगेमन यांनी बेरियम मिसळलेला घास क्ष-किरणांखाली, चलचित्रासारखा, गिळताना बघण्याची पद्धत रुजवली. १९८८ मध्ये सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघण्याची रीत मांडली. रुग्णालयात तिला ‘फीज’ म्हणतात. क्ष-किरण लागत नाहीत, यंत्र खाटेपाशी आणता येतं.

मावशीची तपासणी अशीच झाली. दुधात खाण्याचा हिरवा रंग घातला होता. ती गिळते त्या ऐन क्षणी घसा दुर्बिणीभोवती आवळतो आणि पडदा पांढराफटक होतो. तो क्षण दिसतच नाही. पडदा पुन्हा उघडला, तेव्हा स्वरतंतूंच्या खाली हिरवी रेघ होती. मावशी शांतपणे आमच्याकडे बघत होती. मग घोटलेल्या दह्यात तोच रंग घालून दिला. थोडं दही घशाच्या खळग्यात अडकलं, दुसऱ्यांदा गिळल्यावर तेही गेलं. श्वासनलिकेत काही उतरलं नाही.

किती घट्ट द्यायचं, हे मोजायला ‘इड्सी’ ही आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ पातळ्यांची. पेयांसाठी तिला १० मिलीची सिरिंज पुरते. दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावून सिरिंज भरायची, बोट काढून १० सेकंद थांबायचं. पाणी सगळं गळून जातं. ४ ते ८ मिली उरलं, तर पातळी २. सगळ्या नव्या तंत्रांत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते तालुक्याच्या गावातही लगेच करता येतं. घट्ट केलं की काम झालं, असं मात्र नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन्सचे ५१५ रुग्ण होते. काहींना घट्ट पेयं दिली, काहींना हनुवटी छातीकडे झुकवून पातळच. न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. शरीरातलं पाणी कमी होण्याचा त्रास घट्टवाल्यांत जास्त दिसला.

उपचारांतलं एक नवं पाऊल विजेचं आहे. नाकातून घातलेल्या नळीवरच्या इलेक्ट्रोडने घशाला रोज १० मिनिटं, ३ दिवस, सौम्य विद्युत्-उत्तेजन द्यायचं. घशातून मेंदूकडे जाणारे संदेश त्यामुळे जागे होतात, अशी कल्पना. २०१६ च्या एका चाचणीत झटक्याच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. २०१८ मध्ये वेगळ्या, जास्त गंभीर रुग्णांवर ते करून पाहिलं. गिळता येत नाही म्हणून त्यांच्या गळ्यातली श्वासाची नळी काढता येत नव्हती. उत्तेजन मिळालेल्या ३५ पैकी १७ जणांची नळी काढण्याजोगी स्थिती आली. न मिळालेल्या ३४ पैकी फक्त ३ जणांची. एकाच उपचाराचे असे दोन निकाल असताना तो सरसकट सगळ्यांना सुचवणं मला पटत नाही.

अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचं दुखणं वेगळं. तिथे एकेक सेंटीमीटरवर ३६ संवेदक असलेली नळी दाबाचा रंगीत नकाशा काढते. झडप सैलच होत नसेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून तिचा स्नायू आतूनच कापतात. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आता मुंबईतही ती होते.

आपल्याकडची खरी टंचाई शिकलेल्या डोळ्यांची आहे. तंबाखू, मिश्रीपायी तोंडाच्या कॅन्सरचे इतके रुग्ण असलेल्या या राज्यात रेडिएशननंतर घसा ताठरलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांना गिळण्याचे व्यायाम शिकवणारा स्पीच थेरपिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज सापडत नाही. तो सापडेपर्यंत घरचे आपल्या समजुतीप्रमाणे भरवत राहतात, मी भरवलं तसंच.

तीन महिन्यांनी मावशीच्या नाकातून पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी हिरवं पाणी होतं. पडदा पांढरा झाला, उघडला. स्वरतंतूंच्या खाली काही नव्हतं. त्या संध्याकाळी मी बशी पुढे केली, तर ती म्हणाली, “कप दे गं.”