फुलं आली, पण शेंगा कुठायत?



मागे एका वर्षी शाळेच्या परसबागेत आम्ही वाटाणा लावला. स्नेहसंमेलनाच्या गडबडीत पेरणी जानेवारीवर गेली. वेल हिरवेगार वाढले, फेब्रुवारीअखेर पांढरी फुलंही आली. आणि गळून गेली. "बाई, फुलं तर आली, शेंगा कुठायत?" पोरांना वाटलं पाणी कमी पडलं. पाणी भरपूर होतं, चूक तारखेची होती.

वाटाणा हे थंडीचं पीक. साधारण 10 ते 20 अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवतं. फुलोऱ्याच्या वेळी दुपार सतत 30 अंशांच्या आसपास राहू लागली, की फुलं गळतात. ज्या शेंगा धरतात त्यांतले दाणेही लवकर पिठूळ होतात, कारण उष्णतेत साखरेचं स्टार्च झपाट्यानं होतं. म्हणून पेरणीची तारीख फुलांवरून उलटी मोजायची. अर्केलसारखा लवकर येणारा वाण दोन महिन्यांत तोडणीला येतो, बोनव्हिलला त्याहून जास्त दिवस लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर हा रब्बीचा योग्य काळ. फार घाई केली, तर गरम ओल्या जमिनीत बी कुजतं, रोपं मरतात.

मग पुरंदर तालुक्यात पावसाळ्यात वाटाणा कसा येतो? मुलं हे विचारतातच! तो भाग उंचावर, पावसाळी हवा थंड, पाऊसही बेताचा. म्हणजे महिना पाठ करून उपयोग नाही, हवा बघायची.

आता लागवडीबद्दल. आम्ही बी फेकून पेरलं होतं, ही दुसरी चूक. एका कोपऱ्यात एवढी दाटी झाली, की आत वारा खेळेना, खालची पानं पिवळी पडली आणि भुरी आली. दुसरीकडे रोपं इतकी विरळ, की आधाराविना जमिनीवर लोळली. वाटाण्याचे ताणे शेजारच्या रोपाला विळखा घालतात, बुटक्या जातीची रोपं तर एकमेकांना धरूनच उभी राहतात. म्हणून दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवावं आणि ओळीत मात्र बी जवळ, 5 ते 7 सेंटिमीटरवर टोकावं. खोली बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त नको. उंच वेलांच्या जातीला ओळींतलं अंतर दुप्पट ठेवून काटक्यांचा मांडव द्यावा. पाणी साचणारी जमीन असेल, तर सरी-वरंबा करावा आणि बी वरंब्यावर लावावं.

सगळं बी एकाच दिवशी लावू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन वाफे करा आणि प्रत्येकावर तारखेची पाटी लावा. पहिलं फूल कधी, शेंगा किती, हे मुलांनीच वहीत लिहायचं. गणिताचा तासही तिथेच होतो. वाफा 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, त्यात तीन ओळी, दर 6 सेंटिमीटरवर एक बी, तर बिया किती? आमच्या चौथीनं 150 उत्तर काढलं आणि मोजून तेवढ्याच बिया रात्री भिजत घातल्या.