टॅग वगळणाऱ्या साधनाचे दस्तऐवजीकरण

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या ‘गिट’ या प्रणालीत आज्ञावलीच्या एखाद्या नोंदीस दिलेल्या कायम नावास ‘टॅग’ म्हणतात. प्रसिद्ध झालेली आवृत्ती सामान्यतः याच नावाने ओळखली जाते. म्हणूनच टॅग वगळणाऱ्या साधनाच्या माहितीपत्रकात दोन बाबी स्पष्ट असणे आवश्यक ठरते.

पहिली बाब व्याप्तीची. स्वतःच्या संगणकावरील टॅग वगळल्याने सामायिक भांडारातील टॅग जात नाही. त्यासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. तेथून वगळल्यानंतरही सहकाऱ्यांच्या प्रतींत तो शिल्लक राहू शकतो आणि त्यांपैकी कोणी आपले सर्व टॅग पाठविल्यास तो भांडारात परत येतो.

दुसरी बाब परिणामाची. वगळले जाते ते केवळ नाव. मूळ नोंद तत्काळ नष्ट होत नाही. मात्र तिच्याकडे नेणारी अन्य शाखा वा टॅग नसल्यास ती कालांतराने साफसफाईत नाहीशी होऊ शकते. शोधनिबंधात त्या टॅगचा निर्देश असेल, तर निष्कर्षांची फेरतपासणी त्यामुळे दुष्कर होते. यास्तव वगळण्यापूर्वी टॅगचे नाव व नोंदीचा सांकेतिक क्रमांक लिहून ठेवावा आणि तेच नाव दुसऱ्या नोंदीस देऊ नये, अशी सूचना माहितीपत्रकाच्या आरंभीच असावी.