घर मागे बांधून घाट उतरताना

‘ताई, यंदा हॉटेलात राहायचं नाही. घरच गाडीच्या मागे बांधून न्यायचं,’ असं धाकटी बहीण फोनवर म्हणाली, तेव्हा मला थट्टाच वाटली. २०१९ च्या जुलैत कॅनडात कॅलगरीला तिच्याकडे गेले, तर दारात खरंच बावीस फुटी कॅरॅव्हॅन उभी! आत ओटा, गॅस, फ्रिज, पलंग, इवलंसं न्हाणीघर. फक्त इंजिन नाही. पुढे पिकअप जोडायची आणि ओढायची, आपल्याकडे ट्रॅक्टर उसाची ट्रॉली ओढतो तशी.

आम्ही दोघींनी ती स्वयंपाकघर समजून भरली. पिठं, तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन, सगळं मागच्या कपाटात. बॅन्फच्या अलीकडे, साध्या सपाट रस्त्यावर कॅरॅव्हॅनचं शेपूट डुलायला लागलं आणि तिच्याबरोबर आमची पिकअपही. माझा तर जीवच गेला. मेहुण्यांनी पायाचा ब्रेक दाबला नाही. अॅक्सिलरेटर सोडला आणि कॅरॅव्हॅनचे वेगळे ब्रेक असतात, ते हाताशी असलेल्या कळीने हलके लावले. गाडी सरळ झाली. मग बाजूला थांबून सगळं जड सामान चाकांच्या पुढे हलवलं. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडावा लागतो. मागे जड झालं की ती डुलणारच.

त्या उचलाउचलीत मेहुण्यांची कंबर धरली. रात्री लेक लुईजला मुक्काम केला, तरी सकाळी त्यांना सीटवर ताठ बसवेना. तिथली जागा पुढच्या लोकांना दिलेली, आमचं बुकिंग गोल्डन गावात. आणि मधे किकिंग हॉर्स खिंड, सुमारे १,६०० मीटर उंच. बहीण पिकअप रोज चालवते, पण मागे घर बांधून घाट कधी उतरली नव्हती. मेहुणे मागच्या सीटवर आडवे झाले, ती स्टिअरिंगवर बसली आणि शेजारी मी.

आमचे वडील एसटीत चालक होते. आंबा घाटाबद्दल बोलताना त्यांचं एकच सांगणं, ‘ज्या गियरात चढलास, त्याच गियरात उतर.’ खिंड ओलांडली आणि पुढे रस्ता फील्ड गावाकडे कोसळताना दिसला, तेव्हा मी तेवढंच म्हटलं, ‘अगं, बाबा...’ ‘आठवतंय,’ ती म्हणाली. गाडी ऑटोमॅटिक असली तरी हाताने खालचा गियर लावता येतो. तिने तो उतार सुरू होण्याआधीच लावला. इंजिन कण्हायला लागलं, पण वेग आवरला. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, तापले की ते धरत नाहीत. जरा जोरात दाबायचा, वेग उतरला की सोडायचा. मागे गाड्यांची रांग लागली. लागू दे, म्हटलं!

वाटेत बोगद्यांच्या दर्शनस्थळी थांबलो. याच उतारावर १८८४ मध्ये रेल्वे टाकली होती, साडेचार टक्के उताराची, म्हणजे शंभर फुटांत साडेचार फूट खाली. सुरुवातीलाच एक गाडी ताबा सुटून गेली आणि कामगार दगावले. अखेर १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात गोल फिरणारे बोगदे काढून उतार निम्म्यावर आणला. बहीण बोगद्यांकडे बघतच नव्हती. पंजाब्याचा घाम ओढणीला पुसावा तसे ती तळहात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होती. मी थर्मासमधला चहा दिला.

गोल्डनला संध्याकाळी खरी परीक्षा. जागेत कॅरॅव्हॅन उलटी घालायची. डावीकडे वळवावी तर ती उजवीकडे जाते. आमच्या साखर कारखान्यावरची पोरं उसाची ट्रॉली मागे घेतात, त्यांना मी मनातल्या मनात हात जोडले. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या, सत्तरीच्या आसपासच्या बाई एकट्याच फिरत होत्या. त्या येऊन म्हणाल्या, हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. हात ज्या बाजूला नेशील, त्याच बाजूला मागचं घर जाईल. चौथ्या खेपेला बसली बाई!

रात्री आत गॅसवर पिठलं-भाकरी केली. अस्वलांमुळे बाहेर अन्नाचा कणही ठेवायचा नाही, म्हणून खरकटं लगेच आवरलं. जेवताना मेहुणे म्हणाले, उद्या मी चालवतो. बहिणीने भाकरी मोडली. ‘उद्या रॉजर्स खिंड आहे,’ ती म्हणाली, ‘ती मीच उतरवणार. तुम्ही संडासाची टाकी रिकामी करा.’