वजनाचं ऑपरेशन लपवू नका

"दोन जिवांची आहेस, पोटभर खा," म्हणत सासूबाई डिंकाचा लाडू पुढे करतात. पण वजन घटवायला जठर लहान करून घेतलेल्या काहीजणींना गोड सोसत नाही. घाम फुटतो, गरगरतं. जुन्नर-आंबेगावातल्या लेकीसुनांचं हे ऑपरेशन बहुधा पुण्यात होतं, गरोदरपणाची तपासणी मात्र मंचर, नारायणगावात. सासरी कळू नये म्हणून गप्प बसू नका, ऑपरेशनचा कागद न्याच. ग्लुकोजचं पाणी पाजण्याआधी डॉक्टरांना हे कळायला हवं. शुगर दुसऱ्या पद्धतीनं तपासता येते. लोह, बी-१२, फॉलिक ॲसिडही बघावं लागतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम नको, दोन तासांचं अंतर हवं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. आधी अंडं-उसळ, मग भाकरी. आणि अजून दिवस राहिले नसतील तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबाच.